दोर किती लांब ते पाहू नका, मोट केवढी ते पाहा

उजनीच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या भागात रोहित पक्षी उतरतात आणि ते पाहायला पुण्यामुंबईची मंडळी येतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. या गृहस्थांचा मुलगा शेती सांभाळून पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायला नेतो. त्याला कॅमेरा हवा आहे. कांद्याचे पैसे हातात आले आहेत. मुलाने दुकानात दोन कॅमेरे पाहिले, दोन्ही खिशात मावणारे आणि एकाच कंपनीचे. एकावर '३० पट झूम' असे लिहिलेले, दुसऱ्यावर '१५ पट'. गंमत अशी की १५ पटीचा महाग आणि ३० पटीचा स्वस्त! वडील विचारतात, "साहेब, दुप्पट लांबचे दिसणारा कॅमेरा स्वस्त कसा? दुकानदार आम्हाला खेडवळ समजून फसवतो की काय?"

प्रश्न शेतीचा नाही असे म्हणून तो बाजूला ठेवता आला असता. पण पैसा शेतीचा आहे, आणि असाच प्रश्न आज पुष्कळ घरांत निघतो. मुलेमुली शिकतात, फिरतात, पक्षी-प्राणी पाहतात, आणि त्यांना दूरचे टिपणारा लहान कॅमेरा हवा असतो. प्रात्यक्षिकांचे व शेतीशाळांचे फोटो काढणे हा आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांच्या कामाचाच भाग असल्याने कॅमेऱ्याशी आमचा संबंध येतो. तेव्हा या आठवड्यात त्याचाच हिशोब मांडू.

पहिली गोष्ट, दुकानदाराने फसवलेले नाही. फसवतो तो पेटीवरचा आकडा, आणि तोही खोटा असतो म्हणून नव्हे, तर अर्धाच असतो म्हणून.

'पट' म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या भिंगाला नाभीय अंतर असते, हे शाळेत शिकलेल्यांना आठवेल. झूम भिंगात ते कमीजास्त करता येते. सर्वांत मोठ्या अंतराला सर्वांत लहान अंतराने भागले की 'पट' निघतात. २४ पासून ७२० मि.मी. पर्यंत जाणारे भिंग ३० पटीचे. २४ पासून ३६० पर्यंत जाणारे १५ पटीचे. म्हणजे 'पट' हा केवळ भागाकार आहे. तो किती दूरचे दिसेल हेही पुरते सांगत नाही.

उदाहरण घ्या. पॅनासोनिक कंपनीचा २००६ सालचा ल्युमिक्स टीझेड १ हा कॅमेरा १० पटीचा होता. त्याच कंपनीचा २०१६ सालचा टीझेड १०० हाही १० पटीचाच. पण पहिल्याचे भिंग ३५ ते ३५० मि.मी. आणि दुसऱ्याचे २५ ते २५० मि.मी. पट तेच, पण पहिला जास्त दूरचे ओढून आणतो, तर दुसऱ्यात ओसरीवर बसलेले सगळे घर एका फोटोत मावते. एकराचा आकडा सारखा असला तरी एक जमीन काळी आणि एक मुरमाड असू शकते, तसेच हे.

पेटीवर कधी कधी याहून मोठा आणखी एक आकडा असतो, त्याला 'डिजिटल झूम' म्हणतात. तो भिंगाचा झूम नव्हे. आलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे एवढेच ते काम आहे. ते घरी मोबाइलवरही करता येते. खरेदी करताना तो आकडा हिशोबातच धरू नये.

दोर आणि मोट

जुन्या लोकांना मोट आठवत असेल. दोर लांब असला म्हणजे खोलवरच्या पाण्यापर्यंत पोचता येते. पण एका खेपेला पाणी किती वर येईल, हे मोटेच्या आकारावर ठरते. झूमचे आकडे हा दोर आहे. भिंगाचे तोंड ही मोट आहे, आणि पाण्याच्या जागी प्रकाश आहे.

हे तोंड किती मोठे, ते काढणे सोपे आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या कडेवर बारीक अक्षरात दोन जोड्या कोरलेल्या असतात. एक जोडी खऱ्या नाभीय अंतराची आणि दुसरी 'एफ' आकड्याची. पेटीवर जे ७२० किंवा ३६० मि.मी. लिहितात ते जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या हिशोबाने बदलून लिहिलेले असते. खरे अंतर कडेवर असते. खऱ्या अंतराला एफच्या आकड्याने भागले की तोंड किती मि.मी. चे, ते निघते.

आता पत्रातल्या दोन कॅमेऱ्यांसारखीच एक जोडी घेऊन हिशोब करू. ३० पटीचा पॅनासोनिकचा टीझेड ९९ हा २०२५ साली आला. त्याच्या कडेवर ४.३ ते १२९ मि.मी. आणि एफ ३.३ ते ६.४ असे आकडे आहेत. १५ पटीचा टीझेड २०० हा २०१८ सालचा. त्याच्या कडेवर ८.८ ते १३२ मि.मी. आणि एफ ३.३ ते ६.४.

पूर्ण झूमवर पहिल्याचे तोंड १२९ भागिले ६.४, म्हणजे सुमारे २० मि.मी. दुसऱ्याचे १३२ भागिले ६.४, म्हणजे २०.६ मि.मी. दोन्ही मोटा जवळजवळ एकाच मापाच्या. इतकेच नव्हे, खरे नाभीय अंतरही १२९ आणि १३२, म्हणजे दोरही जवळजवळ सारखेच! मग ३० आणि १५ हा फरक आला कुठून?

तीच भाकरी, ताट लहान

फरक आहे भिंगाच्या मागे. पूर्वी जिथे फिल्म असे तिथे आता प्रकाश टिपणारी लहान चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. टीझेड ९९ चा सेन्सर ६.२ बाय ४.६ मि.मी., म्हणजे जेमतेम तुरीच्या दाण्याएवढा. टीझेड २०० चा १३.२ बाय ८.८ मि.मी. दुसऱ्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट आहे. या दुसऱ्याला बाजारात 'एक इंची सेन्सर' म्हणतात, पण त्याची कोणतीही बाजू एक इंच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून पडलेले ते नाव आहे.

समजा, रोहित पक्षी १०० मीटरवर उभा आहे आणि त्याची उंची १.३ मीटर आहे. दोन्ही कॅमेऱ्यांत सेन्सरवर पडणारे त्याचे चित्र सारखेच, सुमारे १.७ मि.मी. उंचीचे असते. लहान सेन्सरवर ते उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग व्यापते आणि मोठ्या सेन्सरवर एक पंचमांश. म्हणून पहिल्या कॅमेऱ्यात पक्षी मोठा दिसतो. तीच भाकरी लहान ताटात मोठी दिसावी, तसा हा प्रकार आहे.

इथे एक रास्त शंका निघेल. दोन्ही सेन्सरवर सुमारे दोन दोन कोटी टिंबे असतात. लहान सेन्सरवरची टिंबे बारीक, मग त्याच चित्राचे जास्त बारकावे त्याने टिपायला नकोत का? थोडेफार टिपतो, पण दुपटीने नाही. याचे कारण निसर्गातच आहे. प्रकाश लहान छिद्रातून गेला की पसरतो. याला विवर्तन म्हणतात. भिंग कितीही निर्दोष असले तरी प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून पडत नाही, तर बारीक ठिपका म्हणून पडतो. जॉर्ज एअरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३५ सालीच याचे गणित मांडले. एफ ६.४ ला हिरव्या प्रकाशाचा हा ठिपका सुमारे साडेआठ मायक्रॉनचा होतो. लहान सेन्सरवरचे टिंब १.२ मायक्रॉनचे आणि मोठ्यावरचे २.४ मायक्रॉनचे असते. म्हणजे ठिपका दोन्हीकडे टिंबापेक्षा मोठाच. पीठच जाडे दळलेले असेल तर चाळणी बारीक घेऊन ते मऊ होत नाही.

आता उलट टोक पाहा. झूम न करता, घरातला किंवा गोठ्यातला फोटो काढताना पहिल्याचे तोंड ४.३ भागिले ३.३, म्हणजे १.३ मि.मी., आणि दुसऱ्याचे ८.८ भागिले ३.३, म्हणजे २.७ मि.मी. व्यास दुप्पट म्हणजे प्रकाश चौपट. संध्याकाळी, घरात, लग्नमांडवात दुसरा कॅमेरा उजवा ठरेल तो यामुळे. जास्तीचे पैसे जातात ते याचेच.

लांबचे हवे तर तोंडही मोठे हवे

मग खरोखर दूरच्या पक्ष्यासाठी काय लागते? निकॉनचा कूलपिक्स पी ११०० हा २०२५ सालचा १२५ पटीचा कॅमेरा घ्या. त्याचे खरे अंतर ५३९ मि.मी. पर्यंत आणि एफ ८, म्हणून तोंड सुमारे ६७ मि.मी. वजन मात्र सुमारे १४०० ग्रॅम. सोनीचा आरएक्स १० मार्क ४ हा २०१७ सालचा. पट फक्त २५, पण २२० भागिले ४ म्हणजे तोंड ५५ मि.मी. आणि सेन्सर मोठा. वजन जवळजवळ ११०० ग्रॅम. खिशातल्या कॅमेऱ्यांचे वजन ३०० ते ३५० ग्रॅमच्या घरात असते. मोठी मोट ओढायला बैलजोडी लागते. खिशात मावणारा कॅमेरा आणि दूरच्या पक्ष्याचे पीस न् पीस दाखवणारा कॅमेरा या दोन गोष्टी एकाच वस्तूत मिळत नाहीत. मिळतात असे कोणी सांगितले तर वरचा भागाकार करून पाहावा.

भिंगाचा दर्जा कसा पारखावा?

तोंडाचे माप समजले, पण काच कशी घडवली आहे हा प्रश्न उरतोच. झूम भिंगात डझनभर काचा असतात आणि त्या एकमेकींच्या मागेपुढे सरकतात. प्रत्येक अंतराला सगळ्या काचा उत्तम जुळणे अवघड असते. साध्या कॅमेऱ्यासाठी विक्रीला आलेले पहिले झूम भिंग, १९५९ सालचे फोख्टलेंडर कंपनीचे झूमर, ३६ ते ८२ मि.मी. चे, म्हणजे सव्वादोन पटीचे होते. आज ३० पट खिशात मावते, ही मोठी प्रगती खरी. पण झूम म्हणजे तडजोड, हे तेव्हा जितके खरे होते तितके आजही आहे.

पॅनासोनिकच्या भिंगावर लायका आणि सोनीच्या भिंगावर झाईस अशी जर्मन नावे असतात. ही नावे मानाची आहेत. पण ३० पटीच्या आणि १५ पटीच्या दोन्ही भिंगांवर लायका हेच नाव असेल, तर नावावरून निवड करता येणार नाही. शिवाय एकाच नमुन्याच्या दोन नगांत फरक निघू शकतो. बियाण्याच्या पिशवीवर लेबल असले तरी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतोच ना? कॅमेऱ्याची उगवणही दुकानातच पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे.

एक, सोबत वर्तमानपत्राचे मोठे पान न्यावे. ते भिंतीवर सपाट लावून कॅमेरा टेबलावर बरोबर समोर ठेवावा आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हाताचा धक्का बसणार नाही. झूम न करता एक, मध्यावर एक आणि पूर्ण झूमवर एक असे तीन फोटो घ्यावेत. झूम वाढेल तसा कॅमेरा मागे घेऊन पान पूर्ण चौकटीत बसवावे.

दोन, फोटो पडद्यावर पुरता मोठा करून आधी मधली अक्षरे वाचावीत, मग चारही कोपरे. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणे स्वाभाविक आहे. पण डावे कोपरे स्पष्ट आणि उजवे पुसट असे दिसले आणि कॅमेरा सरळ ठेवलेला असूनही पुन्हा तसेच आले, तर आतली एखादी काच कलली आहे असे समजावे. तो नग घेऊ नये, दुसरा मागावा.

तीन, दाराबाहेर येऊन उजळ आकाशासमोरची झाडाची फांदी किंवा विजेची तार पूर्ण झूमवर टिपावी. कडेला जांभळी-हिरवी किनार किती येते ते पाहावे. थोडी चालते, ठळक असेल तर पांढऱ्या पक्ष्याच्या कडेलाही ती दिसणार.

चार, कॅमेरा जुना घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो कमी झूमवर आणि पूर्ण झूमवर घ्यावा. काळसर डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. मागेपुढे होणारी नळी भात्यासारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळही. ती घरी पुसता येत नाही. नळी सरकताना करकर आवाज आला तर आत रेती असण्याचा संभव आहे.

भिंगाचा दोष नसतानाही फोटो बिघडतो

पूर्ण झूमवर हाताचा थोडासा कंपही मोठा होऊन दिसतो. ७२० मि.मी. ला सेकंदाचा सुमारे सातशेविसावा भाग इतके जलद शटर ठेवावे, असा जुना ठोकताळा आहे. कॅमेऱ्यातली कंप रोखणारी सोय त्यात बरीच सूट देते, पण ती तुमचा हात सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास शटर लागते. एफ ६.४ ला तेवढा प्रकाश मिळाला नाही की कॅमेरा आयएसओ चढवतो. युरियाने पीक हिरवेगार दिसते, पण दाणा भरतोच असे नाही. तसाच फोटो उजळ दिसतो, पण पिसे रंग फासल्यासारखी होतात.

दुसरे कारण हवा. ऊन चढले की पाण्यावरची आणि नांगरटीवरची हवा थरथरते. त्या थरथरीतून जगातले कोणतेही भिंग स्वच्छ पाहू शकत नाही. म्हणून सकाळी सूर्य वर आल्यापासूनचे पहिले दोन तास धरावेत. पक्ष्याजवळ होडी नेण्याऐवजी ती एका जागी थांबवून पक्षी आपल्या बाजूला चरत येण्याची वाट पाहावी. थवा उठवून फोटो काढणे हे पक्ष्यांच्याही हिताचे नाही आणि त्यांच्यावर चालणाऱ्या होडीच्या धंद्याच्याही नाही.

मग घ्यावे काय?

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना माझे सांगणे असे. मुलाचे मुख्य काम पाहुण्यांना पक्षी दाखवणे हे असेल, तर आधी ८ बाय ४२ ची चांगली दुर्बीण घ्यावी. दुर्बिणीवर तोंडाचे माप उघड लिहिलेले असते. ८ पट आणि ४२ मि.मी. चे तोंड. ती होडीतल्या हातोहाती फिरते आणि पाहुण्याला पक्षी डोळ्यांनी दिसतो.

घरासाठी आणि पक्ष्यांची ओळख टिपून ठेवण्यासाठी असा दोन्ही कामांचा एकच लहान कॅमेरा हवा असेल, तर १५ पटीचा घ्यावा. पक्षी फोटोत लहान दिसेल, पण कापून मोठा करता येईल, आणि घरातले व संध्याकाळचे फोटो चांगले येतील. टीझेड २०० ला डोळा लावून पाहायची खिडकी आहे, टीझेड ९९ ला ती नाही. होडीत उन्हात मागचा पडदा दिसत नाही, तेव्हा या खिडकीचे मोल कळते. बजेट ताणत असेल आणि वापर लख्ख सकाळीच असेल, तर ३० पटीचा घेण्यातही नुकसान नाही. फक्त दुप्पट मिळाले असे समजू नये.

आणि मुलाला पक्ष्यांचे फोटो छापण्यासाठी, विकण्यासाठी काढायचे असतील, तर खिशाचा हट्ट सोडून मोठ्या तोंडाचा जड कॅमेरा पाहावा. तो एकदम विकत न घेता ओळखीच्या पाहुण्याकडचा किंवा भाड्याचा एक सकाळ वापरून बघावा.

ज्या वाचकांना केवळ पिकावरची कीड, पानावरचे डाग यांचे फोटो कृषी विज्ञान केंद्राला पाठवायचे आहेत, त्यांनी यासाठी वेगळा कॅमेरा घेऊच नये. त्या कामाला जवळ जावे लागते, दूरचे ओढावे लागत नाही. हातातला मोबाइल, पानामागे पांढरा कागद आणि सावलीतला उजेड एवढे पुरेसे आहे.

कॅमेरा घेतलाच तर पक्के बिल व हमीपत्र घ्यावे आणि बिलावर नगाचा क्रमांक लिहून घ्यावा. मळणी चालू असताना, फवारणीच्या वेळी आणि वावटळीत नळी बाहेर काढू नये. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत बंद ठेवला की भिंगावर बुरशी धरते, विशेषतः कोकणात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात तो ठेवावा, पुड्या अधूनमधून वाळवाव्यात आणि आठ-पंधरा दिवसांनी कॅमेरा बाहेर काढून चालवावा. काच पुसायची वेळ आलीच तर आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कापड फिरवावे. धोतराच्या किंवा पदराच्या टोकाने पुसू नये. त्यातल्या मातीच्या कणाने पडलेला चरा कायमचा राहतो.